आभाळातले गरीब

महाडच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मराठीच्या सरांनी निबंध लिहायला सांगितला. विषय होता, ‘टीव्ही मालिकांमधून दिसणारी गरिबी’. बाकीच्या मुलींनी सासू-सुनांच्या मालिका घेतल्या आणि त्यांत गरिबी शोधता शोधता त्यांच्या नाकी नऊ आले, कारण त्या घरांतल्या मोलकरणीसुद्धा इस्त्रीची साडी नेसायच्या. मी लहानपणी पाहिलेली एक विज्ञानमालिका घेतली. तिच्यात एक शहर आभाळात होतं, एक खाली जमिनीवर, आणि दोघांत पाण्यावरून भांडण. मी लिहिलं की ही मालिका आभाळात राहणाऱ्या बिचाऱ्या गरिबांची आहे, आणि जमिनीवरचे गब्बर लोक त्यांचं पाणी तोडायला कसे टपलेले असतात ते तिच्यात फार चांगलं दाखवलं आहे.

सरांनी तो निबंध वर्गात मोठ्याने वाचून दाखवला. वर्ग हसून हसून लोळला. खाली लाल शाईत शेरा होता, ‘मालिका पुन्हा पाहावी, नीट पाहावी.’ मीही हसले. सरांना वाटलं मला मालिका कळलीच नाही. मला ती कळली होती, चांगली दोनदा कळली होती, आणि मी दोन्हींतला पहिला अर्थ मुद्दाम लिहिला होता. सरांवर माझा राग नव्हता. ते महाडच्या बाजारपेठेत वाढलेले. तिथे सावित्री नदीचं पाणी शिरलं की जो वरच्या मजल्यावर तो सुखी, आणि तळमजल्यावरचा गाळ उपसतो. वरचा तो श्रीमंत, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

मला मात्र उलटं शिकवलं गेलं होतं. आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या बाजूच्या एका डोंगरावर. पंधरा घरं, म्हशी, शेळ्या, नाचणी-वरीची शेतं आणि वारा. गाव खाली. शाळा, गिरणी, दुकान, एसटीचा थांबा, वीज, सगळं गावात. मीठ खालून यायचं, रॉकेल खालून, काड्यापेटी खालून. आजारी पडलं तर डॉक्टर वर येत नसे, माणूसच डोलीत घालून खाली न्यावा लागे. त्यामुळे जितकं वर जावं तितकं माणूस गरीब, असं आमचं सरळ गणित होतं. आमच्याही वर टेपाच्या उंचवट्यावर एक एकटंच घर होतं, ते आमच्याहून गरीब. त्याच्या वर डोंगरमाथ्यावर देव, आणि त्याच्या डोक्यावर तर छप्परही नव्हतं.

रंगीत टीव्ही गावात एकच होता, चाचीचा. चाचीचा नवरा सौदीला होता, तो सुट्टीवर येताना टीव्ही घेऊन आला आणि जाताना चाचीला गावाच्या ताब्यात देऊन गेला. ती आमचीही चाची आणि सरपंचांचीही चाची. रविवारी सकाळी वाडीतल्या बायका दही आणि सरपणाच्या मोळ्या विकायला खाली जायच्याच. त्यातली एक मोळी चाचीच्या पडवीत टाकायची आणि खिडकीशी उभं राहायचं, असा अलिखित करार होता. आत सोफ्यावर चाची आणि सरपंचांची बायको. खाली चटईवर गावातल्या बायका. दारात गावातली पोरं. आणि बाहेर पडवीत खिडकीचे गज धरून आम्ही. आमच्या पायांना माती आणि अंगाला शेळ्यांचा वास असतो असं सरपंचीणबाईंचं मत होतं. मत चुकीचं नव्हतं, पण त्या ते फार वेळा सांगायच्या.

खिडकीतून टीव्ही तिरका दिसायचा. निम्मा आवाज पंख्यात जायचा आणि उरलेला हिंदीत असायचा. म्हणून मालिका समजून सांगायचं काम माझ्या आईवर पडलं. आईला हिंदी येत होतं असं नाही. तिला माणसं कळायची, असा तिचा स्वतःबद्दल समज होता.

पहिल्याच भागात आभाळातलं शहर दिसलं आणि आईने कपाळाला हात लावला. “आगो, ह्यांच्याकडं तर चूलच नाय.” खरंच नव्हती. लांबच लांब पांढऱ्या खोल्या, त्यात ना हंडा, ना कणगी, ना बसायला पाट. माणसांच्या अंगावर एकाच पांढऱ्या कापडाचे घट्ट कपडे. बायकांच्या गळ्यात काळा मणी नाही, हातात काकण नाही. माझी थोरली काकू म्हणाली, “येवढ्या सगळ्या रांडावल्या कशा गो?” जेवायच्या वेळी त्यांनी एकेक गोळी गिळली तेव्हा आईच्या डोळ्यात पाणीच आलं. “भात नाय, भाकरी नाय. सरकारी दवाखान्यावर जगत्यात.” दारं आपोआप उघडायची, कडी-कुलूप काही नव्हतं, याचाही अर्थ आईने लगेच लावला. चोरायला काही असेल तर माणूस कुलूप लावणार.

मग खालचं शहर दाखवलं. तिथे काय नव्हतं? दुकानांची रांग, जाळ, धूर, मोठमोठी पातेली, कोंबड्या, गाढवं, गाद्या, भांडी, आणि माणसांची ही गर्दी. वाडीच्या बायका एकदम म्हणाल्या, हे खालचे. त्यात संशयाला जागाच नव्हती. इतका पसारा गरिबाच्या घरी असतो का? शिवाय ते सारखे वर बघून बोटं मोडायचे, शिव्या घालायचे, आणि आमच्याकडे वर बघून शिव्या घालणारे कोण, ते आम्हाला चांगलं माहीत होतं.

पक्का पुरावा तिसऱ्या भागात मिळाला. आभाळातल्या शहराला पाणी खालून जायचं. एवढा जाडजूड पाइप सरळ ढगांत गेलेला. आई गजाला धरून बराच वेळ बघत राहिली. “बिचाऱ्यांना झरासुदा नाय,” ती म्हणाली. “पण त्यांचं सरकार बरं हाय. पार वरपरेंत पाइप दिलाय.”

अधूनमधून आभाळातले शिपाई विजेच्या काठ्या घेऊन खाली यायचे आणि लोकांना बडवायचे. एवढं एक आमच्या हिशेबात बसत नव्हतं. काकूने शंका काढली, “गरीब हायत तर मारत्यात कसं?” आईने उत्तर द्यायला अर्धं मिनिट घेतलं. मग म्हणाली, “तहानेला माणूस काय करल ते सांगता येत नाय.” काकूचं समाधान झालं. मग आला हिरो. खालच्या शहरातला, दाढीवाला, डोळे लाल. त्याचं एकच म्हणणं की वरच्यांचा पाइप बंद करा. आत चटईवर बायका टाळ्या वाजवायच्या आणि बाहेर पडवीत आम्ही त्याचं तळपट करायचो. “पाणी तोडतोय मेला,” आई म्हणायची. “ह्याला धड मरण यायचं नाय.” एकाच टीव्हीवर एकच माणूस आत हिरो होता आणि बाहेर व्हिलन, आणि मधे फक्त एक भिंत होती. चाचीला बाहेरची कुजबुज ऐकू यायची, पण तिला वाटायचं आम्ही दह्याबद्दल बोलतोय.

आता टाकीचं सांगते, कारण आई पाण्याच्या बाबतीत एवढी हळवी उगाच नव्हती. मालिकेच्या आदल्या वर्षी गावाला नळपाणी योजना आली होती. नदीचं पाणी मोटारीने उचलायचं, उंचावरच्या टाकीत टाकायचं आणि तिथून आपोआप गावात उतरवायचं. उंच जागा म्हणजे आमची. वाडीच्या खाली हाकेच्या अंतरावर टाकी उभी राहिली. वाळू, सिमेंट, दगड, सगळं वाडीतल्या बाप्यांनी आणि बायकांनी वर चढवलं. मग गावात घरोघरी नळ आले आणि आमच्या वाट्याला टाकीचं दर्शन आलं. आमचा उन्हाळ्यातला झरा डोंगराच्या पार खालच्या कुशीत. जायला पाऊण तास, डोक्यावर दोन भांडी घेऊन यायला त्याहून जास्त, आणि वैशाखात तर झऱ्याशी बसून वाटीने पाणी भरायचं. ती वाट टाकीच्या भिंतीला लागून जायची. भरलेली टाकी आतून बारीक आवाज करायची. आई रोज दोनदा, कधी तीनदा, तिच्या बाजूने रिकामी भांडी घेऊन जायची.

तिने तोटी मागून पाहिली होती. योजनेचे इंजिनिअर आले तेव्हा पदर खोचून समोर उभी राहिली. त्यांनी नकाशा दाखवला. वाडी टाकीपेक्षा उंच, पाणी वर चढत नाही, म्हणाले. आईने विचारलं, “मग नदीतनं टाकीत कसं चढलं?” ते म्हणाले, मोटारीने. “बरं. मग टाकीलाच येक तोटी लावा, आमी उतरून येतू.” त्याला नकाशात उत्तर नव्हतं. त्यांनी सरपंचांकडे बोट दाखवलं. सरपंच म्हणाले वाडी यादीत नाही, आणि एकदा तोटी लावली की तुम्ही तिथे म्हशी धुवाल. आई तीन ग्रामसभांना गेली. तिला बाकी काही नको होतं, रस्ता नको, दिवे नकोत. टाकीच्या बुडाला एक तोटी.

आणि गंमत पुढेच आहे. ग्रामपंचायतीचा एक पाणीवाला होता. संध्याकाळी नदीवर मोटार लावून टाकी भरायची आणि सकाळी सहाला डोंगर चढून टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा, हे त्याचं काम. माणूस गोड, पण जाड. पंधरा दिवसांत त्याच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. त्याने व्हॉल्व्हची चावी, म्हणजे चांगला हातभर लांबीचा लोखंडी दांडा, आमच्या ओट्यावर ठेवला आणि आईला म्हणाला, “वयनी, तुमी तशाबी पहाटे उठताच.” तेव्हापासून वर्षभर गावाचं पाणी माझी आई सोडत होती. सहाला खाली उतरून चावी फिरवायची, गाव पाणी भरी, सातला बंद करायचं, आणि मग आपली भांडी घेऊन झऱ्यावर जायचं. पाणीवाला अधूनमधून चहापत्तीची पुडी द्यायचा आणि कुणाला सांगू नका म्हणायचा. गावाला वाटायचं तो पहाटे डोंगर चढतो. त्याच्या कष्टाळूपणाचं ग्रामसभेत कौतुकही झालं होतं.

एवढं करून आईला मिळत होतं ते उतू जाणारं पाणी. संध्याकाळी टाकी भरली की वरच्या पाइपातून थोडं पाणी सांडायचं. वाडीच्या बायका त्याखाली भांड्यांची ओळ लावायच्या. चार-पाच हंडे सुटायचे, तेवढ्या झऱ्याच्या खेपा वाचायच्या. मालिका शेवटाला आली होती. शेवटच्या आधीचा भाग. हिरोने व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला आणि नेमकी जाहिरात लागली. आत सरपंचीणबाई चाचीला म्हणाल्या, “वाडीवाल्या टाकीपाशी भांडी घासतात म्हणे. तेच पाणी आपण पितो.” त्या हळू बोलल्या नाहीत. आम्ही तीन हातांवर होतो. आईने गजावरचे हात काढून घेतले. मला आईची लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून माझाच राग आला. भांडी आम्ही कधीच तिथे घासली नव्हती. घासायला पाणी होतं कुणाकडे?

बुधवारी दोन माणसं आली आणि त्यांनी सांडणाऱ्या पाइपाला आणखी पाइप जोडून तो पार दरीत सोडला. पाणी तेवढंच सांडत होतं, फक्त आता हंड्यात पडत नव्हतं. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी आईने सहाला व्हॉल्व्ह उघडला आणि सातला बंद केला.

रविवारी सकाळी ती सहाला अंथरुणातच होती. मी तेव्हा अकरा वर्षांची. मला वाटलं आजारी पडली. मी म्हटलं, “आई, पाणी सोडायचंय ना?” ती म्हणाली, “मला ताप हाय.” मी कपाळाला हात लावला. माझ्या हातापेक्षा गार होतं. बाजूच्या घरातून काकू ओरडून म्हणाली की तिलाही ताप आहे. साडेसहापर्यंत अख्ख्या वाडीला ताप आला होता. रोज न चुकता कामाला जुंपलेल्या बायका गोधड्या घेऊन मजेत पडल्या होत्या आणि या ओट्यावरून त्या ओट्यावर गप्पा मारत होत्या.

पाणीवाला साडेसातला धापा टाकत पोचला. वर्षभरात पहिल्यांदाच चढला होता. “वयनी, गावात थेंब नाय. चावी द्या.” आई गोधडीतूनच म्हणाली, “तापात कुटं ठेवली आठवत नाय बघ.” तो गयावया करू लागला. त्याची अडचण अशी होती की मोठ्याने ओरडता येत नव्हतं. आई व्हॉल्व्ह उघडते हे गावाला कळलं तर त्याची नोकरी गेली असती. त्याने आमच्या घरात मडक्यांमागे, कणगीमागे, माळ्यावर शोधलं. चावी आईच्या पाठीखाली होती. शेवटी तो म्हणाला, “तुमी पाणी बंद केलात हे बरं नाय.” आई उठून बसली. “मी कुटं बंद केलं? मी फक्त उघाडलं नाय.” तो तोंड वाळवून उतरून गेला.

इथपर्यंत मला गंमत वाटत होती. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आज शेवटचा भाग आहे, आणि गावाचं पाणी अडवून गावात टीव्ही पाहायला जाता येत नाही. मी भोकाड पसरलं. बारा रविवार मी खिडकीशी पायाच्या बोटांवर उभी राहिले होते, पोटऱ्या दुखवून घेतल्या होत्या, आणि आता शेवट बघायचा नाही? आई म्हणाली, “बघायचं काय त्यात? त्यो मुडदा पाणी तोडनार.”

मी रडता रडता म्हटलं, “मग तू काय केलंस? तूपन तसलीच.”

आईचा हात वर गेला, पण ती मारायची थांबली. तशीच बसून राहिली. मला वाटलं आता खरंच ताप आला हिला. माझ्याशी नव्हे, समोरच्या मेढीच्या खांबाशी बोलावं तशी म्हणाली, “त्येनं आदी मागून बघितलं आसंल.” आणि मग, “त्येलापन कुनी तोटी दिली नसंल.” मालिका दुसऱ्यांदा कळली ती मला तिथे, शेवटचा भाग न पाहता. बारा रविवार आम्ही ज्याचं तळपट केलं त्याच्याबद्दल आईला एकदम वाईट वाटायला लागलं होतं.

गावातल्या बायका अकरानंतर वर आल्या. घरात थेंब नसला तरी शेवटचा भाग कोण सोडणार? तो बघून, मग हंडे-कळश्या घेऊन पंधरा-वीस जणी निघाल्या. चावी आमच्या ओट्यावर अडकली आहे, एवढं पाणीवाल्याने त्यांच्या कानावर घातलं होतं. सरपंच कामाला महाडला गेले होते, म्हणून त्यांच्या बायकोला यावं लागलं. सर्वांत मागे चाची, अंगाने भरलेली, प्रत्येक वळणावर अल्लाचं नाव घेत. आमच्या ओट्यावर पोचली तेव्हा तिला बोलवत नव्हतं. तिने हातानेच पाण्याची खूण केली.

आई आत गेली आणि तांब्या भरून घेऊन आली. शनिवारी संध्याकाळी झऱ्यावरून वाटीने भरून आणलेलं पाणी. ते तळाला गढूळ असायचं आणि त्याला शेवाळाचा वास यायचा. आम्हाला तो वास येत नसे. चाचीने एक घोट घेतला, थांबली, तांब्यात पाहिलं आणि सगळं पाणी प्यायली. मग तांब्या खाली ठेवून म्हणाली, “माझा मानूस वाळवंटात ऱ्हातो. त्येलापन याच्यापेक्षा बरं पाणी गावतं.” तिने सरपंचीणबाईंकडे पाहिलं. “तुमीपन घ्या वाईच.” त्या म्हणाल्या, मला तहान नाही. घामाने त्यांचा पदर ओला झाला होता.

एवढ्यात मला राहवलं नाही. मी चाचीला विचारलं की शेवटी काय झालं. वीस बायका पाण्याला आलेल्या, पण प्रश्न ऐकून सगळ्या चाचीकडे वळल्या, आमच्या गोधडीतल्यासुद्धा. चाची म्हणाली, शेवटी वरच्या शहराचा राजा लिफ्टमधून खाली आला, हिरोने त्याचा हात धरला, मग सगळ्या गोऱ्या-काळ्या माणसांनी हात धरले आणि गाणं म्हटलं. सूर्य उगवला. संपलं.

“आनि पाणी?” आईने विचारलं.

“पाण्याचं नाय दाखवलं.”

“म्हंजे कसं? पाणी वर गेलं का खाली ऱ्हायलं?”

चाची विचारात पडली. “ते नाय दाखवलं गो. पण त्या श्रीमंतांची मान खाली गेली, ते दाखवलं.”

“खालच्या श्रीमंतांची?”

“खालचे नाय, वरचे. वरचे श्रीमंत होते ना.”

काकूला जे हसू फुटलं ते थांबेना. वर राहून श्रीमंत? चूल नाही, मणी नाही, गोळ्या गिळून जगतात, पाणी दुसऱ्याच्या हातात, आणि श्रीमंत? चाची समजावून सांगू लागली. त्यांची हुकमत होती, शिपाई होते, खालचे त्यांच्यासाठी राबत होते. आई म्हणाली, “मग वरच कशाला ऱ्हायला गेले? पैका आसता तर खाली नसते आले?” चाचीने तोंड उघडलं. मग तिने आजूबाजूला पाहिलं. आमची घरं, उपडी घातलेली भांडी, खाली पांढरी टाकी, टाकीच्या खाली गाव, आणि गावाचे नळ. तोंड तिने तसंच मिटलं. पुढे तिने हा विषय कधी काढला नाही.

सरपंचीणबाईंनी मात्र संधी साधली. त्या गोड आवाजात म्हणाल्या, “झालं गेलं सोडा. आपण सगळी एकच आहोत. हे आल्यावर मी बोलते त्यांच्याशी.” आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला.

आईने हात सोडवून घेतला नाही. पण म्हणाली, “वयनी, गाणं नको. तोटी पायजे.”

बायका हसल्या, गावातल्याही. सरपंचीणबाई इंजिनिअरचं नाव घेऊ लागल्या तशी चाचीने स्वतःची रिकामी तांब्याची कळशी उचलली आणि आमच्या ओट्यावर आतल्या बाजूला, भिंतीशी नेऊन ठेवली. “ही हितं ऱ्हाईल,” ती म्हणाली. “तोटी बसली की त्याच तोटीचं पाणी भरून न्येईन. तोवर खाली मीपन मागून पिते.” नवऱ्याने पाठवलेल्या पैशांतून महाडहून आणलेली, चाचीच्या घरातली सगळ्यात मोठी कळशी होती ती. सौदीच्या कळशीला नाही म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. सरपंचीणबाईंनी सगळ्यांसमोर शब्द दिला. मग आईला चावी कुठे आहे ते आठवलं.

तोटी गुरुवारी बसली. पोलादपूरचा प्लंबर आला, टाकीच्या बुडाला भोक पाडून अर्ध्या तासात काम करून गेला. त्यासाठी ठराव लागला नाही, यादी लागली नाही, मोटारही लागली नाही. शुक्रवारी चाची पुन्हा अल्लाचं नाव घेत चढली आणि कळशी भरून घेऊन गेली. नवी मालिका लागली तेव्हा तिने आम्हाला चटईवर बसायला सांगितलं. सरपंचीणबाई त्या रविवारी आल्या नाहीत, पुढच्या रविवारी आल्या. नवी मालिका भिकार होती. तिच्यात सगळे बंगल्यात राहायचे.

दिवाळीच्या आधी एकदा भर दुपारी आई उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, माझ्या डोक्याला तेल लाव. असं तिने कधी म्हटलं नव्हतं, कारण झऱ्याच्या खेपांमुळे दुपारी तिचं डोकं कधी रिकामं नसायचं. मी मागे बसून केस मोकळे केले. वाडीतल्या प्रत्येक बाईच्या डोक्यावर, बरोबर मधोमध, जिथे चुंबळ बसते आणि चुंबळीवर हंडा, तिथे रुपयाएवढी जागा गुळगुळीत असायची. आईच्या, काकूच्या, सगळ्यांच्याच. मला वाटायचं बायकांना तिथे केस येतच नाहीत, मोठी झाले की माझेही जातील. त्या दिवशी तेलाचं बोट तिथे टेकवलं तर काहीतरी खरखरलं. मी वाकून पाहिलं.

“आई, हितं केस आलेत.”

ती म्हणाली, चेष्टा करू नको. मी तिचा हात धरला आणि तिचं बोट त्या जागेवर नेऊन ठेवलं. तेल तिच्या कपाळावर ओघळलं, मी पुसू का विचारलं, तरी तिने ते बोट तिथून काढलं नाही.